तांब्याचा वायसर

बिघडलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा, हा मन्मथप्पांचा नियम होता. ट्रॅक्टर दुरुस्त झाला, इंजिन सुरळीत चालू लागलं, मालक सीटवर चढून बसला, तरी अप्पा त्याला निघू देत नसत. पंपाचा फाटलेला पडदा असो, झिजलेलं बेअरिंग असो की नुसता तडकलेला बोल्ट, तो डिझेलमध्ये धुऊन, चिंधीनं पुसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून ते मालकाच्या तळहातावर देत आणि म्हणत, "घ्या. ह्यो तुमचा बिघाड. घरी न्या, नायतर त्या डब्यात टाका. पर आधी हातात घ्या."

बहुतेक लोक तो तिथल्याच डब्यात टाकत. पण हातात घेतल्याशिवाय सुटका नसे.

कळंबहून येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला लिंबाच्या सावलीत त्यांची पत्र्याची शेड होती. दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर, माझं गॅरेज. माझ्या गॅरेजला सिमेंटचं छत होतं, रंगवलेला फलक होता, भिंतीवर दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचं चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र होतं. अप्पांकडे फलक नव्हता. एक लाकडी बाकडं होतं, आणि ते कधी रिकामं नसे. काम नसलेले ड्रायव्हरसुद्धा तिथं येऊन बसत. माझ्याकडे प्लास्टिकच्या सहा खुर्च्या होत्या.

पंधरा वर्षं मी त्या रस्त्यापलीकडे पाहत राहिलो. माझी पत्नी डबा घेऊन आली की म्हणायची, "सारखं समोर काय बघताव? सवत राहते का काय तिथं?" मी हसून टाकत असे. पण तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं आहे, हे मला आतून ठाऊक होतं.

अप्पा मूळचे जळकोटचे. घरात कानडी, बाहेर मराठी. उंचीनं बेताचे, खांद्यानं रुंद. गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी असे. इंजिनावर वाकण्यापूर्वी ती डबी ते अंगठ्यानं उचलून खांद्यावरून पाठीवर टाकत, काम संपलं की पुन्हा छातीवर आणत. तिला ऑइलचा डाग लागलेला मी कधी पाहिला नाही. बोल्ट आवळताना आटे मोजत ते कानडीत, स्वतःशी पुटपुटत: ओंदु, एरडु, मूरु. मराठीत मोजलं की चुकतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते साहेब म्हणत. या हाकेत उपरोध आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. आज वाटतं, तो नव्हता. तो मी माझ्याकडून तिच्यात घातलेला होता.

त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "आधी ऐकू द्या." हे वाक्य इंजिनासाठी असे तसंच मालकासाठीही. मालक त्रागा करत यायचा, ट्रॅक्टरला शिव्या द्यायचा, आणि अप्पा एका पायावर भार देऊन, मान कलती करून सगळं ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "रातचं कुठं उभा करताव? उतारावर का सपाटीला?" मालक चिडायचा. "अप्पा, ट्रॅक्टर बिघडलाय, सोयरीक न्हाय जुळवायची." अप्पा म्हणायचे, "सोयरिकीलाबी एवढंच इचारत्यात."

माझ्या प्रशिक्षणात असलं काही विचारायला शिकवलं नव्हतं. मी पाना घेऊन थेट बोल्टला भिडत असे. माझी कामं बहुतांशी चांगलीच होत, हेही सांगायला हवं. मी वाईट कारागीर नव्हतो. चांगला कारागीर होतो आणि माझ्या समोर माझ्याहून चांगला बसला होता. या स्थितीत माणूस कसा वागतो, यावरून त्याची परीक्षा होते. त्या परीक्षेत मी काय केलं, ते पुढं सांगतोच.

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातलं ऑइल कमी झालं तर शेतकरी घाबरतो. ते वाढलं तर त्याला बरं वाटतं. खरं तर वाढणं अधिक वाईट. ऑइल आपोआप वाढत नसतं. कुठून तरी डिझेल झिरपून खालच्या चेंबरमध्ये उतरत असतं. ऑइल पातळ होतं, त्याचा वंगणपणा जातो आणि इंजिन आतल्या आत स्वतःला खाऊ लागतं. अप्पा हे ओळखायला वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब सोडत. चांगल्या ऑइलचा थेंब आपली कड धरून बसतो. डिझेल मिसळलेला थेंब पसरतो आणि त्याच्याभोवती फिकट कडं उमटतं. हे मी रस्त्यापलीकडून पाहून उचललं. एका गिऱ्हाइकाला करून दाखवलं आणि सांगितलं, "ही कंपनीच्या प्रशिक्षणातली पद्धत आहे." त्यानं ते अप्पांच्या बाकड्यावर जाऊन सांगितलं. संध्याकाळी बाकड्यावरचा हशा ऐकू आला, आणि त्यातून अप्पांचा आवाज: "हसू नगा. साहेब शिकल्यालं हायती. आसंल तिकडंबी."

त्यांनी माझी बाजू घेतली होती. मला तो अपमान वाटला.

आणखी एक गोष्ट ते करत. इंजिनाच्या नळ्या जिथं जोडल्या जातात तिथं गळती थांबवायला तांब्याच्या पातळ गोल चकत्या, म्हणजे वायसर, असतात. एकदा आवळले की तांबं दबून कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवे मिळाले नाहीत तर अप्पा जुने वायसर तारेत ओवून स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवत आणि पाण्याच्या वाडग्यात बुडवत. चर्र आवाज माझ्यापर्यंत येई. एका ड्रायव्हरला ते सांगत होते, "लोखंड तापवून पान्यात घातलं की कडक होतंय. तांबं तसंच घाला, मऊ पडतंय. इस्तू तोच, पानीबी तेच."

हे शास्त्र मलाही माहीत होतं. पण मी ते करत नसे. कागदावरचा थेंब पुस्तकातला म्हणून खपवता येत होता. स्टोव्ह पेटवला असता तर तो समोरून दिसला असता. म्हणून मी जुने वायसर ओल्या दगडावर गोल गोल घासून सपाट करत असे आणि तसेच बसवत असे. माझ्या वायसरवर त्या गोल रेघा उमटत. दुसऱ्या कुणाच्याही कामात तुम्हाला त्या दिसल्या नसत्या.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. दगडूतात्या म्हणून एक शेतकरी त्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर घेऊन माझ्याकडे आले. मळणी यंत्र जोडून ते गावोगाव फिरत. चेंबरमधलं ऑइल वाढत होतं. मी फीड पंप खोलला. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या त्या लहान पंपाचा पडदा फाटलेला होता. नवा बसवला. इथवर माझं काम निर्दोष होतं. पण समोरच्या बाकड्यावरचे तिघेजण माझ्याकडे पाहत होते, आणि मला वाटलं, काम भरीव दिसलं पाहिजे. मी इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, उघडून डिझेल फवारणारे नोझलही काढून तपासले. त्यांत दोष नव्हता. त्या ट्रॅक्टरची रचना अशी, की नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक नळी त्या कव्हरच्या आतूनच जाते. तिचे वायसर मी नेहमीसारखे दगडावर घासले आणि बसवले.

चार दिवसांनी तात्या परत आले. "साहेब, तेल वाढायलंच की वो अजून."

मी थेंब सोडला, कडं पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मोठा डिझेल पंपच खराब झाला आहे, तो काढून बाहेरगावी पाठवावा लागेल, आठवडा जाईल. तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मळनी चालू हाय हो," एवढंच म्हणाले. आणि ट्रॅक्टर चालू करून रस्ता ओलांडून समोर गेले.

अप्पांनी विचारलेला प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. "तेल उभं असताना वाढायलंय, का चालताना?"

"आता ते कुनाला ठाव?"

"मंग आधी ते इचारू त्येला."

त्यांनी ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल जिथवर चढलं होतं तिथं, बारीक दोरा बांधला. डिझेलचा कॉक उघडा ठेवला आणि ट्रॅक्टर दुपारपर्यंत नुसता उभा ठेवला. ऑइल दोऱ्याच्या वर गेलं नाही. मग इंजिन तासभर चालवलं, थांबवलं, ऑइल खाली बसू दिलं आणि पुन्हा पाहिलं. दोरा बुडालेला होता. म्हणजे टाकीतून आपोआप उतरणारं डिझेल नव्हतं. इंजिन चालू असताना आत कुठं तरी ठिबकून ते ऑइलमध्ये उतरत होतं. अप्पांनी टॅपेट कव्हर उघडलं, नळीचे सगळे जोड चिंधीनं कोरडे केले आणि तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढून त्यांच्यावर हलकेच भुरभुरला.

बाकड्यावरून कुणी तरी ओरडलं, "अप्पा, पावडर? लग्नाला न्यायलाव काय त्येला?"

"व्हय. नवरदेवाचं तोंड कोरडं केल्याबिगर घाम कुठं फुटलाय कळत न्हाय."

इंजिन हळू गतीवर चालू केलं. अप्पा डबी पाठीवर टाकून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी हात वर केला. इंजिन बंद झालं. त्यांनी एक जोड खोलला, त्यातून काही तरी काढलं, उन्हात धरून पाहिलं. आणि मान वर करून रस्त्यापलीकडे, माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी एक पाना उचलला आणि पुसू लागलो. पुन्हा मान वर केली तेव्हा ती वस्तू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली होती.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे डोकावले. माणूस सरळ, आपण समोर गेलो याचं साहेबांना वाईट वाटलं असेल, म्हणून आलेले. मी चहा मागवला. ते म्हणाले, "झालं बगा बेस. पंप काडायचं काम पडलं न्हाय. कवरच्या आत कायतरी हुतं म्हनं. पर एक नवल. अप्पानं बिघाड हातात दिला न्हाय. म्या मागितला, तर म्हनले, 'ऱ्हाऊ द्या तात्या, काय न्हवतं.'"

त्या क्षणी मला सगळं कळलं. कव्हरच्या आत काय होतं ते कळलं, ते खिशात का गेलं ते कळलं. अप्पांनी आपला पंधरा वर्षांचा नियम माझ्यासाठी मोडला होता. तो वायसर तात्यांच्या हातात गेला असता, तर त्यावरच्या गोल रेघा संध्याकाळपर्यंत त्या बाकड्यावरून फिरल्या असत्या आणि मळणीच्या हंगामात माझ्या खुर्च्यांवर कुणी बसलं नसतं.

आणि मी म्हणालो, अगदी सौम्य आवाजात, कारण मी नेहमी सौम्यच बोलतो: "दाखवलं नाही? मग तात्या, तुमचा फीड पंप तोच आहे ना, एकदा बघून घ्या. मी नवा पडदा घातला होता."

एवढंच. खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं. पण सामान बदलणे, म्हणजे गिऱ्हाइकाचा चांगला भाग काढून ठेवून जुना बसवणे, हा आमच्या धंद्यातला सर्वांत नीच आरोप. तो मी आरोप न करता केला. तात्यांनी कप खाली ठेवला. ते उठून गेले. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ते वाक्य माझ्याकडे परत आलं, चांगलं मोठं होऊन. "अप्पा सामान बदलायलाय म्हनं. त्यापायीच तर बिघाड दावला न्हाय."

लोकांनी अप्पांकडे जाणं एकदम सोडलं नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. कुणी तरी युक्ती काढली: ट्रॅक्टर सोडण्यापूर्वी लेकीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आपल्या पंपावर लावायचा, म्हणजे बदलला तर कळेल. बघता बघता तो रिवाजच झाला. पहिला ठिपका अप्पांनी पाहिला तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी पंपावरून चिंधी फिरवली, थांबले, वाकून पाहिलं.

"ह्ये काय? कुकू लावून आनलाव व्हय?"

मालक दुसरीकडे पाहू लागला. अप्पांना कळायला क्षणभरही लागला नसेल. त्यांनी पंपावरचं ग्रीस पुसायला सुरुवात केली. ठिपक्याला चिंधी लागू न देता, त्याच्या कडेकडेनं, लिंगाच्या डबीला जपत तसं. सगळा पंप स्वच्छ झाला आणि मधे तो लाल ठिपका तसाच राहिला. बाकड्यावर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्यानंतरही त्यांना स्वतःला सोडवणं सोपं होतं. रस्ता ओलांडायचा, चार माणसांसमोर तो वायसर माझ्या टेबलावर ठेवायचा. मी दररोज त्याची वाट पाहत होतो. ते आले नाहीत. मळणी संपली, रब्बीची पेरणी झाली. बाकड्यावर माणसं बसेनाशी झाली, आणि माझ्या खुर्च्या भरल्या. त्या भरलेल्या खुर्च्यांमध्ये बसून मी काय सुख भोगलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. मी समोरच पाहत असे. फाल्गुनात एका सकाळी शेडचे पत्रे उतरवले जात होते. अप्पा टेम्पोत बसण्यापूर्वी माझ्या दारापर्यंत आले. बेअरिंग ओढून काढायचा माझा एक पुलर त्यांच्याकडे होता. तो त्यांनी पुसून टेबलावर ठेवला. "येतो साहेब. गावाकडंच टाकतो आता काय ते." मी म्हणालो, "बरं अप्पा." पाणी घ्या, असंही म्हणालो नाही.

सहा वर्षं गेली. मला वाटलं होतं, समोरची जागा रिकामी झाली की माझं पाहणं थांबेल. तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे. मी अजून पाहतो.

मग एके दिवशी एक जुना ट्रॅक्टर कामाला आला. मालक नवा, ट्रॅक्टर दुसऱ्यांदा विकला गेलेला. फीड पंपावरची धूळ पुसली आणि चिंधीखालून लाल ठिपका निघाला. पुसट झालेला, कडा उडालेल्या, पण होता. मी चिंधी थांबवली. पुसून टाकावा की राहू द्यावा, हे मला ठरवता येईना. माझ्याकडून त्याच्या कडेकडेनं पुसलं गेलं. त्या आठवड्यात मी जळकोटची एसटी धरली.

महामार्गापासून जरा आत, एका पत्र्याखाली अप्पा सापडले. केस पूर्ण पांढरे झालेले, एका डोळ्याला जाड भिंग. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला नाही. "या साहेब. कवा आलाव?" स्वतः उठून तांब्या आणून पाणी दिलं. मी सहा वर्षांपूर्वी दिलं नव्हतं ते पाणी मी प्यालो.

मी बरंच काही जुळवून नेलं होतं. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. एवढंच म्हणालो, "अप्पा, त्या वेळी दगडूतात्यांना मी एक वाक्य बोललो होतो."

"ठाव हाय."

"तुम्ही कुणाला काही सांगितलं का नाही?"

ते हातातला नट चिंधीत फिरवत राहिले. "सांगायचं म्हनलं की दावावं लागलं असतं." मग माझ्याकडे न पाहता, "मला वाटलं तुमीच येताल. आज येताल, उद्या येताल. रस्ता वलांडायचा, केवढासा. चार म्हैनं बगितली वाट. मंग राग आला. लई राग आला साहेब, खोटं कशाला बोलू. तवा पत्रं काडली."

मी मान खाली घातली. क्षमा मागितली, हात जोडले. ते "असू द्या" म्हणाले नाहीत. उठले, आणि फळीवरून एक डबा काढून त्यात चाचपू लागले. वर्तमानपत्राची लहान पुडी निघाली. त्यांनी ती उलगडली, त्यातली वस्तू चिंधीनं पुसली आणि कागदासकट माझ्या तळहातावर ठेवली. तांब्याचा वायसर. गोल गोल रेघांचा.

"घ्या. ह्यो तुमचा बिघाड," अप्पा म्हणाले. "मालकाच्या हातात द्यायचा ऱ्हायला हुता."

खरं सांगायचं तर त्या क्षणीही, तो कागद तळहातावर घेऊन उभा असताना, मला त्यांचा हेवाच वाटला. सहा वर्षं राग धरून इतका नेमका कामाला लावणं, तेही त्यांनाच जमलं.

चहा झाला. मी निघालो. वायसर खिशात होता. चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात एक ट्रॅक्टर येऊन शेडपुढे थांबला. तरणा शेतकरी उतरला, बॉनेट उघडून बोलू लागला. अप्पांनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं. इथं कळंबचं कुणी नव्हतं. इथं त्यांच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. तरी अप्पांनी फळीवरून नेलपॉलिशची लाल बाटली उचलली आणि त्या माणसापुढे धरली.

"काय ह्ये, अप्पा?" तो हसत होता.

"पंपाला ठिपका लावा," अप्पा म्हणाले. "मंग खोलतो."

तो हसतच वाकला आणि ठिपका लावू लागला. अप्पांनी अंगठ्यानं डबी उचलून पाठीवर टाकली आणि ठिपका वाळेपर्यंत बाजूला उभे राहिले.